कर्सर परत जागेवर आणायचाय: व्हिम, निओव्हिम की इमॅक्स?

व्हिम, निओव्हिम आणि इमॅक्स हे मजकूर लिहायचे एडिटर, आणि त्यांच्यासाठी स्वतःची स्क्रिप्ट, म्हणजे ठरावीक काम आपोआप करणारा छोटा प्रोग्रॅम, लिहायला घेतली की हा प्रश्न लगेच येतो. स्क्रिप्ट फाईलभर फिरली, काम झालं, आता कर्सर आधी जिथे होता तिथे परत कसा न्यायचा? माझं काम मराठी मुद्रितशोधनाचं, फाईली लांबलचक असतात, आणि ओळीच्या शेवटच्या जास्तीच्या स्पेस काढणं, लागोपाठच्या रिकाम्या ओळी कमी करणं असली कामं मी स्क्रिप्टवरच सोडते. त्यामुळे हा प्रश्न माझ्या रोजच्या कामातला आहे, आणि तुम्ही या तिघांतलं काय शिकावं असा विचार करत असाल तर आधी हा एक फरक नीट समजून घ्या, बाकी सगळं त्यावरूनच ठरतं.

जागा लक्षात ठेवायच्या दोन तऱ्हा आहेत. एक म्हणजे पान नंबर कागदावर लिहून ठेवायचा, दुसरी म्हणजे पानातच खूणपट्टी घालायची. पुढची चार पानं कुणी काढून घेतली की लिहिलेला नंबर चुकतो, खूणपट्टी मात्र त्याच मजकुराजवळ राहते.

व्हिममध्ये दोन्ही आहे, पण स्क्रिप्ट लिहिणारा माणूस बहुतेक वेळा नंबरवालीच वाट धरतो. गेटपॉस हे फंक्शन बफर (एडिटरात उघडलेला मजकूर) नंबर, ओळ, कॉलम (ओळीतली जागा) आणि ऑफसेट (कर्सर अक्षराच्या पुढे किती सरकलाय) अशी चार आकड्यांची लिस्ट देतं आणि सेटपॉस तीच लिस्ट घेऊन कर्सर ठेवतं. सोपं आहे, जंपलिस्टलाही (आधीच्या उड्यांची यादी) हात लावत नाही, म्हणजे वापरणाऱ्याचं मागच्या जागी नेणारं कंट्रोल-ओ बिघडत नाही. पण हे नुसते आकडे आहेत. माझा कर्सर ४१२ व्या ओळीवर होता, स्क्रिप्टने वरच्या ३० रिकाम्या ओळी उडवल्या, सेटपॉसने मला इमानदारीत ४१२ वरच नेलं, आणि मी वाचत होते ती ओळ आता ३८२ वर होती. त्या दिवशी मी बराच वेळ भलत्याच परिच्छेदात दुरुस्त्या करत बसले होते, तेव्हापासून ओळींची संख्या बदलणार असेल तिथे गेटपॉस मी वापरतच नाही.

त्यावर व्हिममधला उपाय म्हणजे खरा मार्क, म्हणजे एका अक्षराच्या नावाची खूण, लावणं. ए ते झेड छोटी अक्षरं त्या फाईलपुरती, मोठी अक्षरं एका फाईलीतून दुसरीत उडी मारायला, आणि बॅकटिकने गेलात तर अचूक कॉलमवर, सिंगल कोटने गेलात तर ओळीच्या पहिल्या अक्षरावर. वर ओळी वाढल्या-घटल्या की मार्क सोबत सरकतो. पण यात दोन गोची आहेत. ओळीतल्या ओळीत काही घातलं तर मार्कचा कॉलम सहसा सरकत नाही, आणि छोट्या अक्षराच्या मार्कची ओळच डिलीट झाली तर मार्क गायब होतो, मग गेटपॉस त्याच्यासाठी शून्यं देतं. शिवाय अक्षरं मोजकीच, तुमच्या स्क्रिप्टने झेड वापरला आणि वापरणाऱ्याने आधीच झेड लावून ठेवला असेल तर त्याची खूण गेली.

एक गोष्ट मात्र व्हिमची मला मनापासून आवडते, विनसेव्हव्ह्यू आणि विनरेस्टव्ह्यू ही जोडी. कर्सर तर परत येतोच, पण स्क्रीनवर वरची ओळ कुठली होती तेही परत येतं, त्यामुळे पान डोळ्यासमोर उडी मारत नाही. स्पेस काढण्यासारख्या, ओळी न बदलणाऱ्या कामाला याच्याइतकं चांगलं दुसरं काही नाही. फक्त यातला कॉलम शून्यापासून मोजतात आणि गेटपॉसचा एकपासून, आकड्यांची सरमिसळ केली की एक घर चुकतं. आणि हेही आकडेच आहेत, म्हणजे ओळी घटल्या की वरचाच घोळ.

इमॅक्सवाल्यांनी हा प्रश्न मुळातूनच वेगळा सोडवलाय. तिथे सेव्ह-एक्सकर्शन म्हणून एक गुंडाळणं आहे, त्याच्या आत तुम्ही कुठेही भटका, बाहेर आलात की बफर आणि कर्सर दोन्ही पूर्वीच्या जागी, मध्येच एरर आली तरी. आतून ही जागा मार्कर (मजकुराला चिकटलेली खूण) म्हणून ठेवलेली असते, आकडा म्हणून नाही, त्यामुळे वरचा मजकूर कितीही बदलला तरी तो सोबत सरकतो, ओळीच्या आतही. स्वतःला हवा तेव्हा पॉइंट-मार्करने बनवा, कर्सर नेणारं गोटू-चार त्याला सरळ घेतं. मजकूर डिलीट झाला तरी मार्कर मरत नाही, डिलीट झालेल्या जागेवर येऊन थांबतो. काम झालं की सेट-मार्करने त्याला निल (रिकामा) करून टाका, कारण बफरमधल्या प्रत्येक बदलाला सगळे मार्कर हलवावे लागतात आणि पडून राहिलेले हजारो मार्कर एडिटर जड करतात. सेव्ह-एक्सकर्शन स्क्रीनचं स्क्रोल मात्र सांभाळत नाही, ते हवं तर विंडो-स्टार्ट (स्क्रीनवरचा मजकूर जिथून सुरू होतो ती जागा) वेगळं धरून ठेवावं लागतं. इमॅक्स २५.१ पासून ते मार्क म्हणजे सिलेक्शनचं टोकही परत आणत नाही, जुन्या स्क्रिप्ट उतरवून घेत असाल तर हे बघा. आणि बाहेरच्या फॉरमॅटरने (मजकुराची मांडणी नीट करणारा प्रोग्रॅम) पूर्ण मजकूर काढून नवा घातला की सगळे मार्कर एका जागी गोळा होतात, त्यासाठी २६.१ मध्ये रिप्लेस-बफर-कंटेंट्स आलं, ते फक्त बदललेला भाग बदलतं.

निओव्हिम हा व्हिममधूनच निघालेला एडिटर, त्याचे एक्स्टमार्क म्हणजे याच जातीच्या, मजकुराला चिकटलेल्या खुणा. हवे तेवढे लावा, नेमस्पेसमुळे (खुणांचे वेगवेगळे गट) दुसऱ्या प्लगिनशी (जोड-प्रोग्रॅम) भांडण नाही, ओळीच्या आतही सरकतात, आणि लुआ या स्क्रिप्टच्या भाषेतून वापरायला सुटसुटीत. एकच लक्षात ठेवा, नेमकं खुणेच्या जागीच काही टाईप केलं तर एक्स्टमार्क डिफॉल्टने उजवीकडे सरकतो आणि इमॅक्सचा मार्कर तिथेच थांबतो, दोन्हीकडे सेटिंगने उलटं करता येतं.

आता मराठीत लिहिणाऱ्यांसाठी खास, कारण हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. व्हिमचा कॉलम अक्षरांत नाही, बाइटमध्ये (संगणकाच्या साठवणुकीचं एकक) मोजतात. 'मराठी' या शब्दात युनिकोडची पाच चिन्हं पण यूटीएफ-८ या साठवायच्या पद्धतीत १५ बाइट, म्हणजे कॉलममध्ये एक मिळवून पुढच्या अक्षरावर जायचा हिशोब आपल्याकडे चालतच नाही. गेटचारपॉस आणि चारकॉल ही अक्षरं मोजणारी फंक्शन आहेत, तीच वापरा. एक्स्टमार्कचे कॉलमही बाइटचेच. इमॅक्स फाईलच्या सुरुवातीपासून चिन्हं मोजतं, त्यामुळे तिथे हा त्रास नाही, फक्त काना-मात्रा वेगळ्या चिन्हात धरल्या जातात हे ध्यानात असू द्या.

मग घ्यायचं काय? रोज व्हिमच वापरता आणि स्क्रिप्ट छोट्या आहेत तर एडिटर बदलू नका, विनसेव्हव्ह्यूवर भागेल, आणि ओळी घटणार असतील तर मार्क. एका फाईलीत शेकडो जागा धरून ठेवायच्या असतील, म्हणजे शंका असलेल्या प्रत्येक शब्दावर खूण, तर निओव्हिम घ्या, व्हिमच्या सवयी मोडाव्या लागत नाहीत. आणि कोरी पाटी असेल, इमॅक्सच्या लिस्प भाषेतल्या कंसांची भीती नसेल, तर देवनागरी मजकुराच्या कामाला मी इमॅक्सच सांगेन. माझ्या रिकाम्या ओळी काढायच्या स्क्रिप्टमध्ये आता कर्सरच्या हिशोबाची एकही ओळ नाही, सगळं सेव्ह-एक्सकर्शनच्या पोटात आहे.