नॉर्वेची एलपी आणि बिनपावतीचा व्यवहार

दिग्रस तालुक्यातील एका गावात माझे कृषी केंद्र आहे. मे महिना लागला की कपाशीच्या बियाण्यासाठी दुकानासमोर गर्दी होते आणि येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगतो, की एका पाकिटाचाच तर प्रश्न आहे असे म्हणून सोडून देऊ नका, पक्के बिल घ्या, त्यावर लॉट नंबर लिहून घ्या आणि हंगाम संपेपर्यंत रिकामे पाकीट व टॅग जपून ठेवा. बोगस बियाणे ओळखण्यात ज्याची पंधरा वर्षे गेली, त्याच माणसाने 2024 च्या उन्हाळ्यात एका एलपीपायी, म्हणजे गाण्यांच्या एका तबकडीपायी, 8,700 रुपये (तेव्हाच्या 864 रुपये दराने कपाशीच्या सुमारे दहा पाकिटांची किंमत) बिनपावती घालवले. हे लिहिताना संकोच वाटतो. पण ब्लॅक मेटल हे कर्कश, किंचाळत्या आवाजाचे रॉक संगीत ऐकणारी मुले आता आपल्या भागातही आहेत आणि मला फसवणारा विक्रेता अजून फिरतो आहे.

मीही ब्लॅक मेटल ऐकतो. दुकान बंद केल्यावर गोदामात खताच्या पोत्याला टेकून, कानाला हेडफोन लावून ऐकतो, कारण घरी आई म्हणते, ‘हे असं वरडणं कायले आयकतं रे?’ माझा आवडता बँड म्हणजे नॉर्वेचा डार्कथ्रोन. दोनच माणसांचा हा बँड कित्येक वर्षांपासून मंचावर कार्यक्रम करत नाही, त्यामुळे त्यांचा नवा अल्बम येणे हाच आमच्यासारख्यांचा सण. ‘इट बेकन्स अस ऑल’ हा त्यांचा अल्बम पीसव्हिल या ब्रिटिश लेबलकडून, म्हणजे अल्बम काढणाऱ्या कंपनीकडून, शुक्रवारी, 26 एप्रिल 2024 रोजी येणार होता. एप्रिलच्या सुरुवातीला एका व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाने लिहिले, की भारतासाठी पारदर्शक रंगाच्या फक्त शंभर क्रमांकित प्रती निघत असून त्यांतल्या अकरा शिल्लक आहेत, किंमत टपालखर्चासह 3,200 रुपये.

मी विश्वास का ठेवला, याचा पुढे मी बराच विचार केला. या संगीतात खरा व्यवहारसुद्धा वरवर पाहता संशयास्पदच दिसतो. बँडचे नाव काटेरी झुडपासारख्या लोगोत लिहिलेले असते आणि ते कुणाला वाचता येत नाही, कलाकार टोपणनावांनी वावरतात, लेबल अनेकदा एकट्या माणसाचे असते आणि प्रती खरोखरच इतक्या थोड्या निघतात की उशीर करणाऱ्याला मिळत नाहीत. कॅसेटच्या काळात या संगीताचा प्रसार अनोळखी पत्त्यांवर टपालाने कॅसेटी धाडूनच झाला. म्हणून ‘अकरा शिल्लक आहेत’ हे वाक्य बियाण्याच्या विक्रेत्याने म्हटले असते तर मी त्याला दारातूनच परत पाठवले असते. एलपी विकणाऱ्याने म्हटले, तेव्हा मला ते प्रामाणिक वाटले. लेबलच्या स्वतःच्या ऑनलाइन दुकानात सर्व आवृत्त्यांची यादी असते, तिथे ‘भारतासाठी शंभर प्रती’ असे काही आहे का, हे पाहायला पाच मिनिटेही लागली नसती.

पैसे मी एका खासगी यूपीआय खात्यावर पाठवले. अल्बम ठरल्या दिवशी बाहेर आला, मी तो मोबाइलवर ऐकलाही, आणि पुढच्या आठवड्यात विक्रेत्याने पार्सल निघाल्याचे सांगून तेरा अक्षर-अंकांचा एक टपाल क्रमांक दिला. चार दिवसांनी त्याचा निरोप आला, की पार्सल मुंबईत कस्टममध्ये अडकले आहे, सोडवण्यासाठी 1,150 रुपये त्याच खात्यावर पाठवा. मी तेही पाठवले.

आमच्या पोस्टमनना मी तो क्रमांक दाखवला तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून मोबाइल डोळ्यांजवळ नेला आणि शेवटच्या दोन अक्षरांवर बोट ठेवले. ‘भाऊ, शेवटी आयएन हाये ना. म्हणजे हे इथूनच, भारतातून निघालं. बाहेरदेशातून आलं असतं तं तिथलं अक्षर आलं असतं.’ त्यांचे म्हणणे बरोबर होते. आंतरराष्ट्रीय टपालाच्या अशा क्रमांकात आधी दोन अक्षरे, मग नऊ अंक आणि शेवटी ज्या देशातून टपाल निघाले त्याची दोन अक्षरे असतात. ब्रिटनहून आलेल्या पार्सलवर जीबी, नॉर्वेहून आलेल्यावर एनओ. त्यांनी आणखी एक सांगितले, की टपालाने आलेल्या परदेशी पार्सलवर शुल्क लागलेच तर ते पार्सल हाती देताना पोस्टच घेते व पावती देते, विक्रेत्याच्या खात्यात ते कधीच जात नाही.

इथे थांबलो असतो तर 4,350 वर निभावले असते. मी रागाने पैसे परत मागितले आणि त्याने अत्यंत नम्रपणे माफी मागून क्यूआर कोड पाठवला, की स्कॅन करा, पिन टाका, पूर्ण रक्कम परत येईल. काउंटरवर सहा-सात गिऱ्हाईक उभे, एकाला फवारणीचा पंप दाखवायचा, दुसऱ्याची उधारी लिहायची, अशा घाईत मी पिन टाकला आणि आणखी 4,350 रुपये गेले. पैसे घेताना पिन लागत नाही, तो केवळ पैसे देताना लागतो, हे मी स्वतः गिऱ्हाइकांना कितीदा तरी सांगितले आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी 1930 या हेल्पलाइनवर फोन करून नंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली. एक रात्र गेली होती, तेवढ्यात रक्कम पुढच्या खात्यांत सरकली होती. फोन त्याच मिनिटाला करायला हवा होता, सकाळ होण्याची वाट पाहायला नको होती. व्यवहारांचे बारा अंकी क्रमांक बँकेच्या नोंदीत सापडले, पण संभाषण गेले, कारण पहिल्याच दिवशी त्याने संदेश चोवीस तासांत आपोआप पुसले जातील अशी सोय लावून ठेवली होती आणि मी ती त्याची शिस्त समजलो होतो. पैसे आजवर परत आलेले नाहीत.

आता कुणाकडून एलपी घ्यायची झाल्यास मी आधी एक फोटो मागतो, ज्यात तबकडीच्या शेजारी कागदावर माझे नाव आणि त्या दिवसाची तारीख हाताने लिहिलेली असेल. खरा विक्रेता दोन मिनिटांत पाठवतो. ज्याच्याकडे फक्त संगणकावर बनवलेले चित्र असते, तो चिडतो.

त्या वेळचे चित्र माझ्याकडे अजून आहे. कव्हरमधून अर्धी बाहेर आलेली तबकडी, खाली लाकडी टेबल, टेबलाच्या उजव्या कोपऱ्यात गोल गाठ. मागच्या महिन्यात दुसऱ्या एका ग्रुपवर एका स्वीडिश बँडच्या नव्या अल्बमची जाहिरात आली, ‘फक्त भारतासाठी, नऊ शिल्लक’. कव्हर वेगळे होते, तबकडीचा रंग लाल होता, पण टेबलाची गाठ तीच आणि तबकडीखालची सावली अजून त्या जुन्या चित्रातलीच होती.