कागदी वुफर की धातूचा, सिल्क डोम की रिबन? स्पीकरची पहिली जोडी बांधणाऱ्यासाठी

पुण्यात तपकीर गल्लीत जाऊन ‘चांगला वुफर दाखवा’ म्हटलं की समोरून पहिला प्रश्न येतो, ‘किती वॅटचा?’ गणपतीच्या मांडवासाठी तो प्रश्न बरोबरच आहे. दिवाणखान्यात रात्रीच्या बेताच्या आवाजात गाणं ऐकताना मात्र सरासरी एक-दोन वॅटसुद्धा खर्ची पडत नाहीत. तिथे विचारायचं ते वेगळंच: वुफर, म्हणजे खालच्या सुरांचा मोठा ड्रायव्हर, वरच्या बाजूला कुठपर्यंत नीट वाजतो, आणि ट्वीटर, म्हणजे वरच्या सुरांचा छोटा, खाली कुठपर्यंत उतरतो? दोघांची गाठ साधारण २००० ते ३००० हर्ट्झच्या दरम्यान पडते आणि आपला कान नेमका तिथेच सगळ्यात तिखट असतो. दणकट बेस आणि ‘४० किलोहर्ट्झपर्यंत ट्रेबल’ ही जाहिरातीची टोकं. घरी बांधलेला स्पीकर बहुतेक वेळा बिघडतो तो मध्ये.

मी इथे दोन ड्रायव्हरची, म्हणजे एक वुफर आणि एक ट्वीटर असलेली, टेबलावर किंवा स्टँडवर राहील एवढी पेटी धरून बोलतोय. पहिल्या खेपेला तीन ड्रायव्हरच्या भानगडीत पडू नका.

५, साडेसहा की ८ इंच?

बेस म्हणजे शेवटी हवा हलवणं. पेटी बंद, पाठीशी भिंत आणि एका मीटरवर ४० हर्ट्झचा सूर ९० डेसिबलने हवा, असा हिशेब मांडला तर ५ इंची वुफरचा कोन, म्हणजे हवा ढकलणारा शंकूसारखा पडदा, एका बाजूला साधारण ८ मिमी सरकावा लागतो. साडेसहा इंचीला साडेपाच मिमी पुरतात, ८ इंचीला साडेतीन. ५ इंचीची सरळ चाल, म्हणजे कोन बिनतक्रार सरकतो तेवढं अंतर, बहुधा ५ मिमीच्या आसपास, कधी त्याआधीच संपते. पुढे तो कण्हायला लागतो. पेटीला पोर्ट, म्हणजे हवेची नळी, दिला की कोनावरचा ताण बराच हलका होतो, पण पोर्ट ज्या सुराला जुळवलेला असतो त्याच्या खाली उतरलात की परत तीच रड.

मग सरळ ८ इंची घ्यावा? इथे वरचं टोक आडवं येतं. ८ इंचीचा कोन प्रत्यक्षात १६-१७ सेंमी रुंद असतो आणि २००० हर्ट्झची तरंगलांबी १७ सेंमी. कोनाची रुंदी तरंगलांबीला येऊन भिडली की आवाज टॉर्चच्या झोतासारखा समोरच पडतो. सोफ्याच्या मधोमध बसलेल्याला एक गाणं ऐकू येतं, कडेला बसलेल्याला दुसरंच. ८ इंची वापरायचाच असेल तर त्याला १५००-१६०० च्या आसपास थांबवून पुढचं ट्वीटरकडे सोपवावं लागतं, आणि तिथपर्यंत दमात उतरणारा ट्वीटर महाग पडतो.

आता आपल्या ऐकण्याचं पाहू. काळी एकचा षड्ज साधारण १३९ हर्ट्झचा. पुरुषी तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९ वर. साडेसहा इंची वुफर १५ ते २५ लिटरच्या पोर्टवाल्या पेटीत ४५ च्या आसपास पोचतो. नाट्यसंगीत, ख्याल, जुनी हिंदी गाणी, भावगीतं हे सगळं त्यात आरामात बसतं. १० बाय १२ च्या खोलीला माझं मत बिनदिक्कत साडेसहा इंचीला. ५ इंची घ्या तो कॉम्प्युटरच्या टेबलासाठी.

कोन कशाचा

दुकानात कोनाच्या पाठीवर हळूच नख मारून बघा. कागद ‘ठप्प’ करतो, अॅल्युमिनियम ‘टिंग’ करतं. अर्धा विषय त्यात आला.

कागद हलका असतो आणि अंगभूतच कंप मुरवतो. वरच्या सुरांत त्याचा कडकपणा संपतो तेव्हा तो हळूहळू बिथरतो, एकदम किंचाळत नाही. पॉलिप्रॉपिलीन म्हणजे स्वस्तातला माल असा आपल्याकडे समज आहे, तो खरा नाही. बीबीसीच्या इंजिनिअरांनी १९७० च्या दशकात ते वुफरसाठी पुढे आणलं, तेच मुळी प्रत्येक नग सारखा निघावा आणि आवाजाला रंग चढू नये म्हणून. त्यात कंप चांगला मुरतो, पण वजन जरा जास्त, त्यामुळे त्याच वॅटला आवाज थोडा कमी निघतो.

अॅल्युमिनियम आणि मॅग्नेशियमचं गणित निराळं. आपल्या हद्दीत ते अख्ख्या पिस्टनसारखे हलतात, एकदम स्वच्छ. हद्द संपली की साडेसहा इंचीत साधारण ५००० हर्ट्झच्या आसपास घंटेसारखे वाजतात. ‘मग क्रॉसओव्हरने ५००० दाबून टाकू’ असं मलाही वाटलं होतं; क्रॉसओव्हर म्हणजे वुफर आणि ट्वीटरला आपापले सूर वाटून देणारं सर्किट. पण गाण्यात १६६७ हर्ट्झचा सूर आला की वुफरची कॉइल आणि मॅग्नेट स्वतःच त्याचा तिप्पट सूर, म्हणजे नेमका ५०००, थोडासा तयार करतात. तो जन्मतो क्रॉसओव्हरच्या पुढे, वुफरच्या पोटात. क्रॉसओव्हर त्याला हात लावू शकत नाही, आणि कोन तो फुगवून बाहेर टाकतो. म्हणून धातूच्या वुफरला १६००-१८०० च्या आसपासच थांबवावं लागतं.

माझ्या पहिल्या जोडीत मी अॅल्युमिनियमचा देखणा वुफर घेतला, पैसे संपले म्हणून ट्वीटर बारका घेतला आणि दोघांना २८०० वर जोडलं. वडिलांना खुर्चीत बसवून ठुमरी लावली. पाच मिनिटं ऐकून म्हणाले, ‘आवाज मोठा छान आहे रे, पण ही बाई चिडून का गातेय?’ दोन महिने मी वायरी, कपॅसिटर, अॅम्प्लिफायर बदलत बसलो. बाई चिडलेलीच.

म्हणून पहिल्या जोडीला कागद. इंडोनेशियात बनणाऱ्या एसबी अकूस्टिक्सचे कागदी वुफर या कामाला नीट बसतात. डेन्मार्कच्या स्कॅनस्पीकची रेव्हेलेटर मालिका वरच्या इयत्तेतली: तिथे कागदी कोनाला चिरा पाडून त्यांत गोंद भरलेला असतो, बिथरण्याची लाट कोनभर फिरू नये म्हणून. नॉर्वेच्या सीसचे मॅग्नेशियम कोन अप्रतिम आहेत, पण ते दुसऱ्या-तिसऱ्या जोडीला, हातात मोजमापाचा माइक आल्यावर.

ट्वीटर: वर किती यापेक्षा खाली किती

घुमटाचा ट्वीटर घराघरांत नेला एडगर विल्चर यांनी, १९५८ च्या एआर-३ स्पीकरमधून. आजही पहिल्या जोडीला मी २५ ते २८ मिमीचा सिल्क डोमच सांगेन. डेटाशीटमधला पहिला बघायचा आकडा म्हणजे रेझोनन्स, ट्वीटर आपणहून ज्या सुराला झुलतो तो; तिथे ‘एफएस’ असं लिहिलेलं असतं. जोडणीचा बिंदू त्याच्या निदान दुपटीवर हवा, अडीचपट असेल तर झोप शांत लागते. ७०० हर्ट्झचा एफएस असलेला डोम १८०० पर्यंत बिनधास्त उतरतो. १२०० चा असेल तर २५०० च्या खाली त्याचा छळ करू नका. एक सप्तक खाली उतरलं की तेवढ्याच आवाजाला डोमला चौपट हलावं लागतं.

अॅल्युमिनियमचा डोम घंटेसारखा वाजतो तो २५ किलोहर्ट्झच्या वर, म्हणजे कानाच्या पल्ल्याबाहेर. धातूचा वुफर जितका त्रास देतो तितका धातूचा ट्वीटर देत नाही, हे लक्षात ठेवा. ‘धातू म्हणजे कर्कश’ हे सरसकट खरं नाही. बेरिलियम आणखी वर जातो आणि किमतीतही तसाच.

रिबनच्या प्रेमात लोक पडतात, आणि का ते कळतं. पातळ अॅल्युमिनियमची पट्टी, वजन जवळपास नाहीच. तबल्याच्या चाटेवरचं बोट, सतारीच्या तारेवरचा नखीचा पहिला क्षण फार मोकळा येतो. पण लहान रिबन ३००० च्या खाली दमतात. मग साडेसहा इंची वुफरला तिथपर्यंत ताणावं लागतं, जिथे त्याचा झोत पडायला लागलेला असतो. शिवाय रिबनचा आवाज उभ्या दिशेने फार अरुंद. खुर्चीत बसून ऐकाल तर स्वर्ग, सतरंजीवर लवंडलात तर ट्रेबल गायब. आपल्याकडे लवंडूनच ऐकतात. घडीच्या पडद्याचा एअर मोशन ट्रान्सफॉर्मर, म्हणजे ऑस्कर हाइल यांची रचना, यात मधली वाट काढतो; मात्र त्याचेही लहान नग फार खाली जात नाहीत. आणि डोक्यावर पंखा गरगरत असेल तर या सगळ्यांतला वरचा बारीक फरक तसाही पंख्यातच जातो.

आकडे वाचताना

ठरलेल्या व्होल्टला ट्वीटर ९२ डेसिबल आणि वुफर ८७ डेसिबल आवाज देतो असं लिहिलेलं असेल तर घाबरू नका, तसंच हवं. २० सेंमी रुंद पेटीत ५५०-६०० हर्ट्झच्या खालचा आवाज पेटीला वळसा घालून मागे जातो आणि पुढून ६ डेसिबलपर्यंत घटतो. ती तूट भरायची म्हणजे वरचं सगळं खाली आणायचं, वुफरला क्रॉसओव्हरमध्ये मोठी कॉइल आणि ट्वीटरला दोन रेझिस्टर लावून. स्पीकर भिंतीला टेकून टीव्हीच्या कपाटावर ठेवणार असाल तर भिंत बरीच तूट भरून देते. ३ डेसिबल पुरे होतात. जोडीची ताकद शेवटी वुफर ठरवतो, तेव्हा ट्वीटरच्या ९५ डेसिबलसाठी जादा पैसे मोजू नका. ४ ओहमचा वुफर कागदावर ३ डेसिबल जोरात दिसतो, कारण चाचणीच्या २.८३ व्होल्टला तो ८ ओहमवाल्याच्या एकाऐवजी दोन वॅट खातो.

मुंबईत किंवा कोकणात राहत असाल तर कोनाभोवती फोमची कड असलेला वुफर फुकट मिळाला तरी घेऊ नका. दमट हवेत ती कड काही वर्षांत चुरा होऊन हातात येते. रबरी कडच घ्या. जुना ट्वीटर घेताना त्याच्या मॅग्नेटच्या फटीतलं फेरोफ्लुइड, म्हणजे चुंबकी तेल, वाळलेलं असू शकतं. दोन ट्वीटरचा आवाज कमी-जास्त लागला तर पहिला संशय तिथे.

माझी आत्ताची जोडी कागदी साडेसहा इंची आणि सिल्क डोम, २१०० वर जोडलेली. क्रॉसओव्हर लिंक्विट्झ आणि रायली या इंजिनिअरांच्या पद्धतीचा, म्हणजे जोडणीपलीकडे दर सप्तकाला २४ डेसिबल आवाज उतरवणारा. जमलंय का हे बघायची सोपी युक्ती: ट्वीटरच्या दोन्ही तारा मुद्दाम उलट्या लावा, मोबाइलवरून २१०० हर्ट्झचा सूर सोडा आणि कान ट्वीटर-वुफरच्या मधल्या उंचीवर, मीटरभर अंतरावर ठेवा. सूर जवळजवळ नाहीसा झाला पाहिजे. तो जराच कमी झाला तर जोडणी अजून जुळलेली नाही, परत कॉइल-कपॅसिटरकडे वळा. पूर्ण बुडाला तर तारा पुन्हा सुलट करा आणि पेटीची मागची फळी स्क्रूने बंद करा.