जुन्या गॅरेजची माती तपासून, काढून देणाऱ्या सेवेबद्दल

पुण्यात सोलापूर रोडला वडिलांचं गॅरेज होतं, ट्रक-टेम्पोच्या कामांचं. तिथे आता घर बांधायचंय, म्हणून माती तपासून खराब निघेल तेवढी काढायचं काम एका पर्यावरण सल्लागार कंपनीला दिलं. काम चोख झालं, पैसे वसूल झाले. तक्रारी आहेत, त्याही सांगते.

ओळखीच्या ठेकेदाराचं म्हणणं होतं, "ताई, जेसीबी लावा, वरची दोन फूट माती उचला, मुरूम टाका, विषय संपला." या लोकांनी मशीन आणण्याआधी वडिलांना जागेवर फिरवलं. "काका, ऑइल कुठे काढायचात? बॅटऱ्या कुठे असायच्या?" वडिलांनी काठीने दाखवलं: इथे पिट (गाडीखाली उतरून काम करायचा खड्डा), इथे वॉशिंग रॅम्प, मागच्या भिंतीला बॅटऱ्या, कडुनिंबाखाली जळक्या ऑइलचे बॅरल. मातीचे नमुने काढायचे बोअर तिथेच घेतले. शिवाय एक नमुना गाडी कधीच उभी न राहिलेल्या कोपऱ्यातून, तुलनेसाठी. आपल्याकडच्या बेसाल्टच्या मातीत क्रोमियम, निकेल मुळातच जास्त असतं. हा नमुना नसता तर ते सगळं गॅरेजच्या नावावर जमा झालं असतं.

पिटजवळ मी स्वतः उभी होते. वर काळी माती, खाली मुरूम. साधारण चार फुटांवर मुरमाचा तांबूस रंग जाऊन तो राखाडी-हिरवट झाला होता. नमुने घेणाऱ्या मुलीने मूठभर माती पिशवीत घालून तोंड बंद केलं, थोडा वेळ तशीच ठेवली, मग पीआयडी नावाच्या, वाफ मोजणाऱ्या मीटरची नळी आत सरकवली. आकडा चढतच गेला. बॅरलखालची माती दिसायला याहून काळीकुट्ट, पण तिथे मीटर जेमतेम हलला. ती म्हणाली, "हा मीटर फक्त उडणारी वाफ मोजतो ताई, पेट्रोल-थिनरची. जुनं इंजिन ऑइल उडत नाही, त्याला लॅबच लागते." पिटात पार्ट पेट्रोलने धुवायचे, हे वडिलांनी तेव्हा सांगितलं. नुसता मीटर फिरवून "जागा स्वच्छ आहे" असा दाखला कोणी देत असेल तर घेऊ नका.

नमुने काचेच्या बरणीत काठोकाठ भरून, बर्फाच्या पेटीतून एनएबीएल (लॅबना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेल्या वेगळ्या लॅबला गेले. तपासण्या तेलाच्या एकूण प्रमाणाच्या, पेट्रोलमधल्या बेंझिन आणि त्याच्यासारख्या रसायनांच्या, आणि बॅटऱ्यांमधल्या शिशाच्या. निकाल कोणत्या पट्टीने मोजणार हे काम देण्याआधीच लेखी घ्या. शिशासाठी कॅनडाची मर्यादा राहत्या जागेला किलोमागे १४० मिलिग्रॅम आहे, कारखान्याच्या जागेला ६००. आमच्याकडे लहान मुलं आहेत, परसात भाजीही लावायची आहे, म्हणून १४० धरा असं मी सांगितलं आणि त्यांनी एका शब्दानेही खळखळ केली नाही. बॅटऱ्यांच्या भिंतीकडची माती त्याच पट्टीवर नापास झाली.

या कामाचं खरं मोल कळलं ते खोदाईनंतर. खड्डा लगेच बुजवला नाही. तळाचे आणि चारही बाजूंचे नमुने पुन्हा लॅबला गेले. पिटाची रॅम्पकडची बाजू नापास झाली, तर तेवढीच आणखी खोदली आणि परत तपासली. दोन फूट सरसकट उचलली असती तर चार फुटांवरचा तो हिरवट मुरूम आमच्या घराखालीच राहिला असता, आणि त्यातलं पेट्रोल मागच्या विहिरीकडे झिरपत गेलं असतं. चांगली माती वेगळ्या ढिगात, खराब माती प्लास्टिकवर आणि वरून ताडपत्री. खराब माती रांजणगाव एमआयडीसीतल्या घातक कचऱ्याच्या केंद्रात गेली, घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांतल्या फॉर्म १० सकट, म्हणजे माती कुठून कुठे गेली याच्या नोंदीसकट. त्याची प्रत हातात मिळेपर्यंत शेवटचा हप्ता देऊ नका. ती नसेल तर आपली माती कुठल्या ओढ्याकाठी पडली, हे कळायला मार्ग नाही.

आता तक्रारी. कोटेशनमध्ये खोदाई ब्रासवर आणि विल्हेवाट टनावर. एक ब्रास (१०० घनफूट) माती साधारण साडेचार-पाच टन भरते, हा हिशोब त्यांनी मांडून द्यायला हवा होता. बिलातला सर्वांत मोठा आकडा टनांचाच असतो. परत भरायचा मुरूम आणि रोलिंग त्यात धरलंच नव्हतं, ते वेगळं लागलं. आणि रिपोर्ट अख्खा इंग्रजीत. ज्यांच्या सांगण्यावर सगळे बोअर ठरले त्या वडिलांना तो वाचता येत नाही, याचं मला फार वाईट वाटलं. मराठीत दोन पानांचा गोषवारा द्या, असं मी त्यांना लेखी कळवलंय.

असं काम करायचं असेल तर उन्हाळ्यात काढा. पावसात काळी माती पाणी धरते, वजन वाढतं आणि त्या पाण्याचेही टनाने पैसे जातात. विहिरीच्या पाण्याचा पहिला नमुना नीट आला आहे, पुढचा पावसाळ्यानंतर घ्यायचा ठरलाय, त्याच करारात.