यूबीकी ५ एनएफसी: आठ महिने वापरल्यावर

पुण्यात एका छोट्या ऑफिसचं आयटी बघतो, आठ महिने झाले माझ्या स्वतःच्या लॅपटॉपला यूबीकी (यूबिको कंपनीची, यूएसबीत खोचायची छोटी सिक्युरिटी किल्ली) लावल्याशिवाय लॉगिन होत नाही. घ्यावी का असं बरेच जण विचारतात. घ्या, पण दोन घ्या, एक हरवली तर दुसरी हवी. एकीचेच पैसे असतील तर थोडं थांबा आणि मग जोडीच घ्या, मला दोन मिळून दहा हजारांच्या वर गेल्या पण रुखरुख नाही.

हे डोक्यात आलं बायकोच्या ऑफिसमुळे. ती सीए आहे, तिथे क्लायंटच्या डीएससी टोकनचा (डिजिटल सही करायच्या यूएसबी टोकनचा) अख्खा ड्रॉवर असतो, प्रत्येकाला रबरबँडने नावाची चिठ्ठी, आणि कितीतरी चिठ्ठ्यांवर पिनपण लिहिलेला. त्या टोकनच्या आत स्मार्ट कार्डचीच चिप असते, प्रायव्हेट की, म्हणजे सही करणारी गुप्त किल्ली, आतच राहते, कॉपी करून बाहेर काढता येत नाही, इतकी चांगली वस्तू आणि पिन वरच चिकटवला की सगळं पाण्यात. बघून जीव तुटतो खरंच.

यूबीकी ३ ग्रॅमची, बॅटरी नाही, किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवलीय, जुलैचा पाऊस खाल्लाय तिने. वरची सोनेरी चकती म्हणजे फिंगरप्रिंट नाही हं, आईलापण तसंच वाटलेलं. कोणाचंही बोट चालतं, फक्त समोर माणूस आहे एवढंच तिला कळतं, म्हणून जोडीला पासवर्ड किंवा पिन हवाच.

उबंटूवर (लिनक्स) पॅम-यूटूएफ, म्हणजे लॉगिनला की मागणारं मॉड्यूल टाकलं, त्यात यूबीकी रजिस्टर केली, आधी फक्त सुडोला (अ‍ॅडमिनच्या हक्काने कमांड चालवायला) लावून बघितलं आणि मग लॉगिनला. पॅमच्या सेटिंग फाइलमध्ये 'सफिशियंट' लिहिलं तर नुसत्या कीवर दार उघडतं, 'रिक्वायर्ड' लिहिलं तर पासवर्ड आणि की दोन्ही लागतात, मी दुसरं ठेवलंय. एक कळकळीने सांगतो, त्या फाइलला हात लावायच्या आधी दुसऱ्या टर्मिनलमध्ये रूट (अ‍ॅडमिन) उघडं ठेवा. मी नव्हतं ठेवलं, एका ओळीत चूक झाली आणि रात्री दीडला पेनड्राइव्हवरून बूट करून ती ओळ काढायला लागली.

विंडोजवर जरा निराशा आहे. घरच्या मशीनला यूबिकोचं स्वतःचं लॉगिन सॉफ्टवेअर चालतं पण फक्त लोकल अकाउंटला, मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करत असाल तर नाही. खरं स्मार्ट कार्ड लॉगिन हवं तर डोमेन (ऑफिसची सगळी अकाउंटं एकाच ठिकाणाहून चालवायची व्यवस्था) पाहिजे, म्हणजे ते ऑफिसातच. तिथे पीआयव्ही (यूबीकीतला स्मार्ट कार्डचा भाग) वापरणार असाल तर कारखान्यातून येणारा पिन १२३४५६ आणि पीयूके (लॉक झालेला पिन सोडवायचा कोड) १२३४५६७८ पहिल्याच दिवशी बदला. पिन ३ वेळा चुकला की लॉक, मग पीयूकेने सोडवायचा, तोही ३ वेळा चुकला तर पीआयव्ही रीसेट करावं लागतं आणि आतली सर्टिफिकेटं गेली.

घेताना फर्मवेअर (यूबीकीच्या आतलं सॉफ्टवेअर) बघाच, कारण ते नंतर अपडेट होत नाही, जे आलं ते कायमचं. ५.७ किंवा पुढचं हवं. त्याच्या आधीच्या कींमध्ये सप्टेंबर २०२४ मध्ये युक्लीक नावाची कमजोरी उघड झाली, हल्ला करायला की हातात लागते आणि महागडी उपकरणं, त्यामुळे जुनी की असलेल्यांनी घाबरून फेकून देऊ नका, पण नवीन पैसे टाकताना जुना स्टॉक कशाला? ५.७ मध्ये पासकीपण (पासवर्डऐवजी चालणाऱ्या लॉगिनच्या किल्ल्या) १०० बसतात, आधी २५ बसायच्या. मला एका ऑनलाइन विक्रेत्याने पहिल्यांदा सील फुटलेलं पाकीट पाठवलं, सरळ परत केलं. की अस्सल आहे का ते यूबिकोच्या साइटवर तपासता येतं, आल्या आल्या तपासा.

दुसरी की चिंचवडला ताईकडे कपाटात ठेवलीय. एका कीची कॉपी दुसरीत होत नाही, दोन्ही वेगवेगळ्या रजिस्टर कराव्या लागतात, म्हणून महिन्याकाठी तिच्याकडे जेवायला जातो तेव्हा लॅपटॉप घेऊनच जातो आणि मधल्या काळात जोडलेली अकाउंटं तिथे बसून दुसरीत टाकतो.