पंचवीस लाख कुठे द्यावेत? खाटा, जीप की ॲप

माझे मामा सांगली जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातले. गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यापायी चाळीस वर्षं तमिळनाडूत. गेल्या वर्षी आजी कॅन्सरने गेली. शेवटच्या दोन महिन्यांत विटा ते मिरज अशा सात फेऱ्या झाल्या, त्यातल्या चार नुसत्या वेदनेच्या औषधासाठी. आता तिच्या नावाने पंचवीस लाख द्यायचे आहेत. देवळाचं शिखर नको, गावची कमान नको. त्यांच्याकडे पॅलिएटिव्ह केअरचे तीन प्रस्ताव आले, ते त्यांनी माझ्याकडे धाडले. अशाच निर्णयाशी अडलेल्या इतरांसाठी हा आढावा.

पॅलिएटिव्ह केअर म्हणजे मरणाची वाट बघणं नव्हे. गंभीर आजारात दुखणं, धाप, जखमा, झोप आणि घरच्यांची घालमेल यांवर केलेला तो इलाज आहे, आणि तो मूळ उपचार चालू असतानाही करता येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात दरवर्षी ५ कोटी ६८ लाख लोकांना याची गरज असते. मिळतो तो १४ टक्क्यांच्या आसपास लोकांना.

पहिला प्रस्ताव मिरजेत आठ खाटांच्या केंद्राचा. मुंबईत शांती आवेदना सदन १९८६ पासून आणि पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र १९९७ पासून चालू आहे, तेव्हा कल्पना नवी नाही, पण भक्कम आहे. घरी बघायला कुणी नाही किंवा दुखणं घरी आवरत नाही, अशांना खाटच लागते. माझी अडचण हिशेबाची. आठ खाटांना चोवीस तास सिस्टर हवी, म्हणजे रजा-सुट्ट्या धरून चार-पाच जणी. प्रस्तावात बांधकामाचे आकडे फरशीपर्यंत दिलेत, पगारापुढे मात्र ‘लोकवर्गणी’ एवढंच. शिवाय उमदीसारख्या सीमेवरच्या गावातून मिरजेला यायचं म्हणजे पेशंटचा अख्खा दिवस रस्त्यात जातो.

दुसरा प्रस्ताव घरी जाऊन इलाज करायचा. सर्वांत कमी देखणा, अडीच पानांचा. विट्यात एक सिस्टर, आठवड्यातून दोन दिवस डॉक्टर, भाड्याची जीप, उसने द्यायला सहा एअरबेड, म्हणजे पडून पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून पंपाने हवा भरायच्या गाद्या. खानापूर, आटपाडी आणि जमलं तर जत. मी त्यांच्याबरोबर एक दिवस फिरलो.

आटपाडीकडच्या एका वस्तीवर साठीची बाई होती. जन्मभर मिश्री लावलेली, आता गालाचा कॅन्सर, जखम बाहेरपर्यंत आलेली. वासामुळे तिची खाट गोठ्याशेजारच्या पडवीत टाकली होती. तिला कुणी टाकलं होतं असं नाही, सून दोन वेळा भरवत होती, पण पदर नाकाला लावूनच. सिस्टरने मिठाच्या पाण्याने जखम धुतली, जंतू मारणाऱ्या मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्या दोन चमच्यांत चुरल्या आणि पूड जखमेवर टाकली. सुनेला स्वतःच्या हाताने एकदा करायला लावलं. पुढच्या आठवड्यात सिस्टरचा फोन आला: वास उतरलाय, खाट माजघरात आलीय, नात शेजारी बसून पाढे म्हणतेय.

यात नवं काय, असं मामांनी विचारलं. गोळी जुनीच आहे. ती वस्तीपर्यंत पोचली, हे आपल्याकडे नवं. केरळात कोझिकोडला १९९३ मध्ये सुरू झालेलं काम पुढे गावोगावच्या स्वयंसेवकांनी उचललं, छोट्या-छोट्या देणग्यांवर वाढवलं आणि २००८ मध्ये तिथल्या सरकारने त्याचं धोरण केलं.

तिसरा प्रस्ताव ॲपचा. पेशंटने रोज दुखण्याला शून्य ते दहा आकडा द्यायचा, तो डॉक्टरांना दिसणार. बरं आहे. पण आकडा आठ आला तर रात्री औषध घेऊन जाणार कोण, या रकान्यात काहीच नाही. सिस्टरला एक चांगला फोन घेऊन द्या, यातलं निम्मं काम व्हॉट्सॲपवर होतं.

मॉर्फिनची, म्हणजे तीव्र वेदनेवरच्या औषधाची चौकशी मात्र तिघांकडेही करा. २०१४ च्या कायदादुरुस्तीनंतर औषध प्रशासनाची मान्यता आणि प्रशिक्षित डॉक्टर असले की संस्थेला ते ठेवता येतं, पूर्वीसारखे अनेक परवाने लागत नाहीत. मान्यतेचा कागद बघायला मागा. आणि हळूच विचारा, मॉर्फिनबरोबर पोट साफ व्हायचं औषध देता का? मॉर्फिनने पोट बांधतं, त्यामुळे ते देणाऱ्याला हे माहीत असतंच. चाचरले, तर मॉर्फिन प्रत्यक्षात कुणाला दिलेलंच नाही समजा. विट्याच्या मंडळींकडे मान्यता अजून नाही, अर्ज केलाय. म्हणून पहिला हप्ता सिस्टरच्या पगाराचा आणि बेडचा, पुढचा मान्यता हातात पडल्यावर, असं मी सुचवलं.

हे पैसे तीन वर्षांत संपले, तर चौथ्या वर्षी कोण देणार, हेही आत्ताच ठरवावं लागेल. कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक कामासाठीचा निधी मिळू शकतो, पण निव्वळ नफा ५ कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा नक्त मूल्य ५०० कोटी, यांपैकी एक तरी असणाऱ्या कंपनीलाच तो बंधनकारक आहे. आपले सहकारी कारखाने कंपनी कायद्यात येत नाहीत, तिथे संचालकांच्या मनावर. वैयक्तिक देणगीदाराने संस्थेकडे देणगीवरच्या करसवलतीची (८०-जी) मान्यता आहे का तेवढं बघावं.

हे सगळं फोनवर सांगून झालं. मामांचा शेवटचा प्रश्न अपेक्षितच होता: आईच्या नावाची पाटी कुठे? जीप भाड्याची, खोली भाड्याची. म्हटलं, फार तर एअरबेडच्या पंपावर स्टिकर लावता येईल. ते थोडा वेळ गप्प राहिले.

“पंपावरच लाव,” म्हणाले. “तसंही आईला गाडी लागायची.”