मुलाचा ताबा मागायचा, की समोरच्याचं पालकत्वच संपवायचं?

अमेरिकेत घटस्फोटानंतर वकिलाकडे जाणारे पुष्कळजण एकच मागणी घेऊन जातात: "दोन वर्षं तो फिरकला नाही, पैसेही देत नाही. त्याचे राइट्सच काढून टाका." खोदून विचारलं, की कळतं, हवंय काही वेगळंच. शाळेच्या फॉर्मवर त्याची सही लागू नये, ऑपरेशनला त्याची परवानगी लागू नये, तो अवचित दारात येऊन उभा राहू नये. यासाठी ताब्याचा आदेश पुरतो.

ताब्याचे दोन भाग. मूल राहणार कुणाकडे, हा एक; शाळा, औषधपाणी, धर्म यांचे निर्णय घेणार कोण, हा दुसरा. दोन्ही एकाकडेच देता येतात. दुसऱ्याची भेट देखरेखीखाली ठेवता येते: केंद्रातली एक खोली, दोन-चार खेळणी, ठरलेला तास आणि कोपऱ्यात बसून नोंदी करणारी तिसरी व्यक्ती. मात्र तो बाप म्हणून कागदावर उरतोच. १९७४ च्या 'फेर्पा' कायद्याप्रमाणे, कोर्टाने मनाई केली नसेल तर शाळेतला रेकॉर्ड त्याला मागता येतो. चाइल्ड सपोर्टही, म्हणजे मुलाच्या खर्चासाठी त्याने द्यायचे पैसेही, चालू राहतात, आणि हा मुद्दा रागाच्या भरात हमखास विसरला जातो.

पालकत्व संपलं की कायद्याच्या लेखी तो मुलाला परका. भेट नाही, मत नाही, आणि सर्वसाधारणपणे पुढचा सपोर्टही नाही. मागची थकबाकी तेवढी उरते. म्हणूनच "मी हक्क सोडतो, मग पैसे द्यायला नकोत" असं म्हणत आलेल्या बापाला बरीच कोर्टं परत पाठवतात. मुलाचा एक आधार कमी करायचा तर त्याजागी दुसरा उभा आहे का, हे ती पाहतात.

पुराव्याचं वजनही वेगळं. ताब्यात साधारणपणे मुलाचं हित कुठे जास्त, एवढंच तोललं जातं. पालकत्व संपवायला आधी परित्याग, गंभीर छळ, दीर्घ हेळसांड असं राज्याच्या कायद्यातलं कारण सिद्ध करावं लागतं, तेही 'स्पष्ट आणि खात्रीलायक' पुराव्याने. हा किमान निकष सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये सॅन्टोस्की खटल्यात घालून दिला. मूळनिवासी जमातींच्या मुलांसाठी १९७८ चा कायदा त्याहून कडक आहे. तिथे फौजदारी खटल्याइतका, वाजवी शंकेपलीकडचा पुरावा लागतो. मूल सरकारी फॉस्टर केअरमध्ये, म्हणजे सरकारने आई-बापांपासून काढून तात्पुरतं दुसरीकडे सांभाळायला ठेवलेलं असेल तर गाडी वेगळ्या रुळावर जाते: १९९७ च्या कायद्यानुसार गेल्या २२ पैकी १५ महिने तिथे गेले, की काही अपवाद वगळता पालकत्व संपवण्याचा अर्ज राज्यालाच करावा लागतो.

घरगुती वादात हे प्रकरण कुठवर जातं, ते मिसिसिपीच्या एका खटल्यात दिसतं. मुलं बापाकडेच होती. त्याच्या नव्या बायकोला ती दत्तक घ्यायची होती. कोर्टाने आईचं पालकत्व संपवलं. अपिलासाठी रेकॉर्ड तयार करण्याचा खर्च २,३५२.३६ डॉलर, आणि तेवढे तिच्याकडे नव्हते. पैसे नाहीत म्हणून अपिलाचं दार बंद करता येणार नाही, हे १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं. ताब्याच्या भांडणाला इतकी धार क्वचितच येते, कारण ताबा बदलून मागता येतो. तो दारू सोडतो, नोकरीला लागतो आणि परिस्थिती बदलली म्हणून अर्ज करतो. हीच टांगती तलवार अनेकांना नको असते. मला ती मुलाच्या दृष्टीने फारशी वाईट वाटत नाही. सुधारलेला बाप मिळणं ही काही शिक्षा नव्हे.

मग पालकत्व संपवण्याचा विचार कधी करावा? छळ इतका गंभीर असेल, की परतीचा रस्ता ठेवणंच धोक्याचं, तेव्हा. किंवा नवा जोडीदार दत्तक घ्यायला खरोखर तयार असेल आणि मूल त्याला आधीपासूनच बाबा म्हणत असेल, तेव्हा. आणखी एक प्रश्न आधी वकिलाला विचारून घ्यावा: उद्या मीच नसले तर? तुम्ही मृत्युपत्रात बहिणीचं नाव पालक म्हणून लिहाल. पण त्याचं पालकत्व शाबूत असेल तर साधारणपणे पहिला हक्क त्याचाच, मग पूर्ण ताबा इतकी वर्षं तुमच्याकडे का असेना.