जीपची पेट्रोल टाकी बनवून घेतली, एसएस ३०४ (स्टेनलेस स्टील) मध्ये

माझ्या जुन्या जीपची टाकी तळातून गंजून पार चाळणी झाली होती म्हणून भोसरीतल्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडून नवीन करून घेतली. भाऊ आधी जीआय (जस्ताचा थर दिलेला) पत्रा गळ्यात मारत होता, स्वस्त पडतो म्हणे, पण जस्ताचा थर पेट्रोलमध्ये, त्यात आता २० टक्के इथेनॉलवालं, हळूहळू सुटतो आणि तो गाळ फिल्टर नि कार्बोरेटरमध्ये जाऊन बसतो. फायबरचं तर नावच नको, साध्या पॉलिस्टर रेझिनला इथेनॉल मऊ पाडतं. अॅल्युमिनियम स्टीलच्या साधारण एक तृतीयांश वजनाचं, मला तेच हवं होतं, पण टाकीला चालणारा ५०५२ ग्रेड त्याच्याकडे नव्हता. शेवटी एसएस ३०४, दीड एमएम. टिग वेल्डिंग सुबक केलंय, आत दोन बॅफल (पत्र्याचे आडपडदे) टाकले त्यामुळे वळणावर पेट्रोल डचमळत नाही. पण फ्लोट (पेट्रोलची पातळी दाखवणारा तरंगता भाग) बसवतात त्या फ्लँजपाशी, म्हणजे कडेपाशी, पिनहोल (टाचणीएवढं भोक) राहिलंच, घरी साबणाचं पाणी लावून थोडी हवा भरली तर बुडबुडे, परत खेप. आणि हो, सुरुवातीला जुनीच टाकी तो तशीच गॅसवर वेल्ड करायला निघालेला, मी हात धरला, रिकाम्या टाकीतली वाफच भडकते राव. कामाला ४/५, वेळ पाळण्याला शून्य.